अर्ध्या मात्रेची बचत

पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’ या संस्कृत व्याकरणावरच्या पतंजलीच्या महाभाष्यात, अगदी पहिल्या आह्निकात, एक गोष्ट येते. बृहस्पतीसारखा गुरू, इंद्रासारखा शिष्य आणि अभ्यासाला देवांची हजार वर्षे. बृहस्पती एकेक शब्द उच्चारत गेला, इंद्र ऐकत गेला, आणि तरी शब्द संपले नाहीत. मग जेमतेम शंभर वर्षे जगणाऱ्या माणसाने भाषा शिकायची कशी? पतंजली म्हणतो, शब्द मोजत बसू नका. आधी सर्वांना लागू पडेल असा नियम सांगा, मग त्याला बाध आणणारा विशेष नियम सांगा. थोड्या कष्टात शब्दांचे लोंढे आवाक्यात येतील. शुद्ध शब्द शिकवायचे की अशुद्ध, या प्रश्नाचा निकालही तो असाच लावतो. ‘गो’ हा शुद्ध शब्द एकच, पण त्याची बोलीतली रूपे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका अशी कितीतरी. तेव्हा शुद्ध शब्द सांगण्यातच लाघव आहे. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातला हा विद्वान पावित्र्याइतकाच हिशोबाच्या भाषेत बोलतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

लाघव म्हणजे हलकेपणा, थोडक्यात काम भागवणे. वैयाकरणांना अर्धी मात्रा वाचली तरी मुलगा झाल्याचा आनंद होतो, अशा अर्थाचे वचन नागेशभट्टांच्या ‘परिभाषेन्दुशेखरा’त आहे. नागेश अठराव्या शतकातले, आडनाव काळे, म्हणजे काशीत स्थायिक झालेले आपले मराठी ब्राह्मण. त्यांचा हा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी १८६८ ते १८७४ या काळात इंग्रजी भाषांतरासह मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापून आणला आणि युरोपातल्या पंडितांना पाणिनीय व्याकरणाची अंतर्गत यंत्रणा दिसली. ऱ्हस्व स्वराची एक मात्रा, व्यंजनाची अर्धी. म्हणजे नियमातून एक व्यंजन गळले की तेवढा आनंद. हे वचन इतके गाजले, की पाणिनीचे लाघव म्हणजे अक्षरे वाचवण्याचा छंद, असाच बहुतेकांचा समज झाला. पाठांतर सोपे व्हावे म्हणून सूत्रे आखूड केली, असेही शाळेपासून सांगितले जाते. मला हे दोन्ही अपुरे वाटते. ज्यांना पाठ करायचे असते ते पुनरुक्तीला घाबरत नाहीत. वेदमंत्र पुनरुक्तीने भरलेले आहेत. ‘घु’, ‘टि’, ‘भ’ असल्या संज्ञा लक्षात ठेवायला सोप्या आहेत असेही कोणी म्हणणार नाही.

प्रत्यक्ष एक नियमच पाहू. इति + आदि = इत्यादि, मनु + अंतर = मन्वंतर, पितृ + आज्ञा = पित्राज्ञा. आपल्या शालेय व्याकरणात याला तीन वाक्ये लागतात: इ किंवा ई पुढे विजातीय स्वर आला तर य्, उ किंवा ऊ पुढे विजातीय स्वर आला तर व्, ऋ पुढे विजातीय स्वर आला तर र्. सहाव्या अध्यायातले पाणिनीचे सूत्र पाच अक्षरांचे आहे. त्यात एवढेच सांगितले आहे, की ‘अच्’ म्हणजे कोणताही स्वर पुढे असता ‘इक्’च्या, म्हणजे इ, उ, ऋ, लृ यांच्या, जागी ‘यण्’, म्हणजे य, व, र, ल, येतो. वर्णांच्या मूळ यादीत इ, उ, ऋ, लृ ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने पुढे य, व, र, ल येतात. त्यामुळे पहिल्याच्या जागी पहिला, दुसऱ्याच्या जागी दुसरा हे वेगळे सांगावे लागत नाही. सारख्या संख्येच्या याद्या क्रमाने जुळवायच्या, असा सर्वसाधारण संकेत त्याने आधीच घालून दिला आहे. ऱ्हस्व सांगितला की दीर्घही आला, हाही तसाच संकेत. आणि पाठ्यपुस्तकातला तो ‘विजातीय’ शब्द? तो सूत्रात नाही. कवि + ईश्वर याचे कवीश्वर होते, ‘कव्यीश्वर’ होत नाही, कारण सजातीय स्वर एकत्र आले तर दीर्घ करणारा विशेष नियम पुढे येतो आणि सामान्य नियमाला तिथे थांबवतो. अपवाद स्वतःची हद्द स्वतः राखतो, म्हणून सामान्य नियमात त्याचा उल्लेखच करावा लागत नाही. पॉल किपार्स्की यांनी १९७३ मध्ये आधुनिक ध्वनिविचारात हेच तत्त्व मांडले आणि ते आज जगभर शिकवले जाते.

आता ती वर्णांची यादी. शिवसूत्रे म्हणून आपण ती ओळखतो: १४ सूत्रे, ४२ वर्ण, प्रत्येक सूत्राच्या शेवटी एक खुणेचे व्यंजन. एखादा वर्ण आणि पुढची एखादी खूण घेतली की मधल्या सगळ्या वर्णांचा गट मिळतो. याच पद्धतीने इक्, यण्, अच् तयार होतात. पाणिनीला असे चाळीसेक गट लागतात. यादीत दोन गोष्टी खटकतात. ‘ह’ दोनदा आला आहे आणि ‘ण्’ ही खूणही दोनदा आली आहे. एवढा काटेकोर माणूस इथे घसरला का?

‘ह’चे उत्तर सोपे दिसते. त्याला ‘ह’ एकदा घोष व्यंजनांच्या गटात हवा आणि एकदा श, ष, स यांच्या शेजारी हवा. या दोन जागांच्या मध्ये क, च, ट, त, प यांसारखे अघोष वर्ण बसले आहेत. पण एखाद्या हुशार माणसाला ‘ह’ एकदाच ठेवून यादी बसवता आली असती का? १९९१ मध्ये पुण्याच्या शि. द. जोशी यांच्या गौरवग्रंथात किपार्स्की यांनी लिहिलेल्या लेखात मुद्दा असा होता, की यादीचा क्रम केवळ काटकसरीच्या तत्त्वावरून काढता येतो. हा ग्रंथ माधव देशपांडे आणि सरोजा भाटे यांनी संपादित केला होता. नंतर वीबके पेटरसन यांनी २००४ मध्ये हा प्रश्न गणितात नेला. पाणिनीला जे गट लागतात ते सगळे रेषांनी जोडून कागदावर काढले, तर रेषा एकमेकींना न छेदता ती आकृती काढताच येत नाही. म्हणून एक तरी वर्ण दोनदा घ्यावाच लागतो, तो ‘ह’ घेतला तर भागते, आणि त्यानंतर १४पेक्षा कमी खुणांत काम होत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी शलातुर गावच्या माणसाने गणिती साधनाशिवाय हे गाठले कसे, हा विचार केला की खरोखर थक्क व्हायला होते.

‘ण्’ची गोष्ट निराळी आहे. तिथे दुसरे कुठलेही अक्षर चालले असते. ‘अण्’ म्हटले की पहिल्या ‘ण्’पर्यंत घ्यायचे की दुसऱ्या, हा संशय उगाच उभा राहतो. पतंजलीने हा आक्षेप स्वतःच घेतला आहे आणि तोडगाही दिला आहे: संशय आला म्हणून नियम नियम राहत नाही असे नाही, व्याख्यानावरून नेमका अर्थ ठरवायचा, हेच आचार्यांना सुचवायचे आहे. तोडगा चतुर आहे, पण त्यातून एक गोष्ट उघड होते. सूत्रात वाचलेली मात्रा भाष्यकाराच्या गळ्यात पडते.

लाघवाचा सगळ्यात धाडसी नमुना अष्टाध्यायीच्या अगदी शेवटच्या सूत्रात आहे. त्यात दोनच अक्षरे, आणि दोन्ही ‘अ’. संस्कृत बोलताना ऱ्हस्व ‘अ’ मिटत्या तोंडाचा, संवृत. ‘आ’ उघड्या तोंडाचा, विवृत. उच्चाराचा प्रयत्न निराळा, म्हणजे पाणिनीच्याच व्याख्येने ते सवर्ण नव्हेत, आणि सवर्ण नव्हेत म्हणजे अ-आ यांच्यासाठी कितीतरी नियम वेगळे लिहायला हवेत. त्याने काय करावे? संपूर्ण ग्रंथभर ‘अ’ विवृत आहे असे धरून चालावे आणि सुमारे ४,००० सूत्रे संपल्यावर एका सूत्राने सांगावे, की तो विवृत ‘अ’ आता संवृत करा. ग्रंथाच्या शेवटच्या तीन पादांतले कार्य आधीच्या नियमांना दिसत नाही, अशी तजवीज आहेच. म्हणून ही दुरुस्ती मागच्या कशालाही धक्का लावत नाही. वस्तुस्थितीपासून जाणूनबुजून सरकून बांधलेली आणि शेवटी वस्तुस्थितीला परत आणून सोडलेली ही रचना अक्षरमोजणीतून सुचणे शक्य नाही.

आणि अक्षरेच मोजायची, तर पाणिनी अनेकदा उधळाच ठरेल. एकीकडे ‘घि’, ‘टि’, ‘भ’. दुसरीकडे ‘सर्वनामस्थान’, ‘आर्धधातुक’ असल्या लांबलचक संज्ञा. संज्ञा लाघवासाठी असते, मग एवढी मोठी का? परंपरा म्हणते, मोठी संज्ञा केली असेल तर तिचा अवयवार्थही कामाला लावायचा आहे असे समजा. विकल्प दाखवायला तो कधी ‘वा’ म्हणतो, कधी ‘विभाषा’, कधी ‘अन्यतरस्याम्’. एका अक्षरात भागणाऱ्या ठिकाणी पाच अक्षरे! परंपरेने हे तिन्ही समानार्थी मानले आणि पर्यायी शब्दांत लाघव-गौरव बघायचे नाही असा नियमच करून टाकला. किपार्स्की यांना ते पटले नाही. पाणिनी जागा फुकट घालवत नाही, यावर त्यांचा इतका विश्वास, की त्यांनी तिन्ही शब्दांची सूत्रे प्रत्यक्ष प्रयोगांशी ताडून पाहिली आणि सांगितले: ‘वा’ म्हणजे बहुधा होते, ‘विभाषा’ म्हणजे बहुधा होत नाही, ‘अन्यतरस्याम्’ म्हणजे दोन्ही सारखेच चालते. हे मांडणारे त्यांचे पुस्तक १९७९ मध्ये शि. द. जोशी यांच्याच संपादनाखाली पुणे विद्यापीठाच्या संस्कृत केंद्राने आणि एमआयटी प्रेसने मिळून प्रसिद्ध केले. सगळ्या विद्वानांनी ते मान्य केलेले नाही. माझ्या मते त्याची पद्धत निकालाहून मोलाची आहे: जिथे कंजूष माणूस खर्च करतो तिथे त्याला काहीतरी घ्यायचे असते.

या बचतीची किंमत कोण मोजतो, ते सतराव्या शतकातल्या भट्टोजी दीक्षितांनी उघड केले. अष्टाध्यायीत एका सूत्रातला शब्द पुढच्या अनेक सूत्रांत आपोआप चालत जातो. ही अनुवृत्ती सूत्रांच्या क्रमावर टिकून आहे. त्यामुळे एखादे रूप सिद्ध करायला विद्यार्थ्याला आठही अध्यायांत फिरावे लागते. भट्टोजींनी ‘सिद्धान्तकौमुदी’त क्रम मोडला, विषयवार प्रकरणे केली आणि शिकणे सोपे केले. पण क्रम मोडताच अनुवृत्ती तुटली. प्रत्येक सूत्राखाली वगळलेले शब्द वृत्तीत पुन्हा लिहावे लागले. आपल्याकडच्या पाठशाळांतून पुढे बहुतेक सगळे कौमुदीवरच वाढले. शास्त्रकारांकडे या दोन्ही बाजूंना नावे आहेत, शब्दलाघव आणि प्रतिपत्तिलाघव. पहिले लिहिणाऱ्याचे, दुसरे समजून घेणाऱ्याचे.

विसाव्या शतकात अमेरिकेत हाच वाद नव्याने पेटला. लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी पाणिनी अभ्यासला होता आणि १९३९ मध्ये मेनोमिनी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेचे ध्वनिनियम त्यांनी क्रमवार लावून दाखवले. १९५१ मध्ये नोम चॉम्स्की यांनी आधुनिक हिब्रूवरच्या आपल्या प्रबंधात नियमांचा कोणता क्रम घेतल्यास व्याकरण सर्वांत साधे होते, हे तपासले. १९६८ मध्ये त्यांनी आणि मॉरिस हॅले यांनी इंग्रजीच्या ध्वनिरचनेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात मोजपट्टी अशी, की ज्या नियमाला चिन्हे कमी लागतात तो अधिक चांगला. इथे ते अडले, आणि ते अडल्याचे त्यांनी त्याच ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात मोकळेपणाने लिहिले. जगातल्या शेकडो भाषांत दिसणारा स्वाभाविक नियम आणि कुठल्याही भाषेत न दिसणारा त्याचा उलटा नियम, दोघांनाही चिन्हे सारखीच लागतात! चिन्हांची संख्या लिपीवर अवलंबून. लिपी कोणती निवडायची ते मात्र भाषेच्या स्वभावावरून ठरवावे लागते. १९९५च्या ‘मिनिमलिस्ट प्रोग्रॅम’मध्ये चॉम्स्की काटकसर कागदावरून उचलून थेट मनाच्या व्यापारात नेतात: वाक्य घडताना शब्द जवळात जवळच्या जागी सरकतो, आणि गरजेशिवाय सरकतच नाही. पाणिनीने असा मनाविषयी दावा कुठे केलेला नाही. दोघांना एका माळेत गुंफणाऱ्यांनी हा फरक विसरू नये.

२०२२च्या डिसेंबरात केंब्रिजच्या ऋषी राजपोपट यांच्या प्रबंधाची बातमी गाजली, तिच्या मुळाशीही लाघवच होते. ‘मन्त्र’ला ‘भिस्’ हा प्रत्यय लागताना दोन नियम भिडतात: एक ‘मन्त्र’मधल्या शेवटच्या ‘अ’चा ‘ए’ करू पाहतो, दुसरा ‘भिस्’चा ‘ऐस्’. संघर्षात ‘पर’ नियम जिंकतो असे पाणिनी म्हणतो. ‘पर’ म्हणजे ग्रंथात नंतरचा, हा परंपरेचा अर्थ घेतला तर ‘मन्त्रेभिः’ होते. ते टाळून ‘मन्त्रैः’ साधायला आणखी परिभाषा, म्हणजे नियम लावण्याचे नियम, लागतात. राजपोपट म्हणतात, ‘पर’ म्हणजे शब्दात उजवीकडचा. मग ‘मन्त्रैः’ सरळ मिळते. जाणकारांनी यावर हरकती घेतल्या आहेत आणि वाद मिटलेला नाही. एका उदाहरणात बचत झाली म्हणून भागत नाही, ती ग्रंथभर टिकते का हे पाहावे लागते, आणि तिथे घाई करून चालणार नाही.

मराठी व्याकरणाने मात्र हा हिशोब अजून नीट मांडलेला नाही, याचे मला वाईट वाटते. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये आले, मोरो केशव दामल्यांचे १९११ मध्ये. पुढे अरविंद मंगरूळकर आणि कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी संस्कृत-इंग्रजी उसनवारीवर नेमके बोट ठेवले. तरी शाळेत द्वितीयेचे प्रत्यय ‘स, ला, ते’ आणि चतुर्थीचेही ‘स, ला, ते’ असे मुले आजही घोकतात. ‘रामाला बोलाव’ आणि ‘रामाला पुस्तक दे’. संस्कृतात रामम् आणि रामाय अशी दोन रूपे आहेत. मराठीत असा एक तरी शब्द दाखवता येईल का, ज्याचे या दोन जागी रूप वेगळे होते? नाही. मग दोन विभक्तींचा खर्च कशासाठी? फरक आहे, पण तो नात्यात आहे: ‘राम बोलावला गेला’ असे कर्मणी होते, ‘राम पुस्तक दिला गेला’ असे होत नाही. पाणिनीने हे नाते कारक म्हणून वेगळे ठेवले आणि विभक्ती वेगळी ठेवली. मराठीत दोन कारके आणि एक विभक्ती एवढ्याने काम भागते.

पण ‘मी आंबा खाल्ला’ इथे हाच हिशोब उलटा येतो. ‘मी जातो’ आणि ‘मी आंबा खाल्ला’, दोन्हीकडे रूप ‘मी’च. म्हणून इथली तृतीया काढून टाकावी, असे घाईने वाटेल. तसे केले तर ‘तो जातो’, पण ‘त्याने आंबा खाल्ला’ हा सगळीकडे लागू पडणारा नियम ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ यांच्यापाशी तुटतो आणि अपवाद लिहावे लागतात. ‘मी’ हे इथे तृतीयेचेच रूप आहे, फक्त ते प्रथमेसारखे दिसते, असे म्हटले की नियम अखंड राहतो. जुन्या मराठीत ‘म्यां’ होतेच, आणि ‘म्या खाल्ला’ म्हणणारी माणसे खेड्यापाड्यांत आजही भेटतात.