चाळीस बादल्यांची एक बादली

मार्चमध्ये आपल्याकडची गुऱ्हाळं आवरायला लागतात, आणि त्याच सुमारास कॅनडात एक वेगळं गुऱ्हाळ पेटतं. इथे ऊस नाही, चरक नाही. उभ्या मेपलच्या झाडाला भोक पाडायचं, ठिबकणारा रस गोळा करायचा आणि सिरप होईपर्यंत आटवायचा. 'एकदा बघून या आणि लिहा,' असं संपादकांनी सांगितलं, म्हणून टोरांटोच्या उत्तरेला वॉन शहरातल्या कॉर्टराइट निसर्ग संवर्धन केंद्रात गेले. एका दुपारीत काम होईल असं वाटलं होतं. पाठोपाठ तीन शनिवारी गेले.

केंद्राचा इतिहास एका पुरापासून सुरू होतो. ऑक्टोबर १९५४ मध्ये हेझल चक्रीवादळाने हंबर नदी फुगली आणि ऑन्टारिओत ८१ माणसं दगावली. त्यातून धडा घेऊन १९५७ साली या परिसरातल्या नद्यांची खोरी सांभाळणारं प्राधिकरण स्थापन झालं. नदीकाठच्या जमिनी घरांसाठी न देता राखून ठेवण्याचं काम त्याच्याकडे आलं. कॉर्टराइट केंद्र याच प्राधिकरणाचं. ज्यांचं नाव त्याला दिलं आहे त्या फ्रान्सिस कॉर्टराइट यांचं उत्तर अमेरिकेतल्या बदकं आणि हंसांवरचं पुस्तक १९४२ साली आलं.

रस आटवण्याची विद्या मात्र याहून कितीतरी जुनी आहे. अनिशिनाबे आणि हौडेनोशोनी हे इथले मूळ रहिवासी युरोपीय माणसं येण्याआधीपासून मेपलचा रस काढत. बर्च झाडाच्या सालीच्या भांड्यांत तो साठवत, तापलेले दगड टाकून आटवत, किंवा रात्री गोठलेला वरचा बर्फ काढून टाकून घट्ट करत. लोखंडी कढया नंतर आल्या.

केंद्राच्या खालच्या रानात पायवाटेने उतरलं की बादल्या लटकवलेली झाडं दिसतात. बादलीवर तिरकं झाकण, आत टप् टप् आवाज. मी बोट बुडवून रस चाखला. नितळ, गार, पाण्यासारखा. गोडी आहे की नाही हे ठरवायला दुसऱ्यांदा चाखावं लागलं. या रसात साखर असते जेमतेम दोन टक्के. सिरप म्हणायचं तर ती सुमारे सहासष्ट टक्क्यांवर न्यावी लागते. म्हणजे चाळीस बादल्या रस आटवावा तेव्हा एक बादली सिरप हाती येतं.

ही साखर गेल्या उन्हाळ्यातली. पानांनी ती तयार केली, झाडाने पिष्टाच्या रूपात खोडात साठवली, आणि थंडी सरत आली की पुन्हा साखर करून रसात सोडली. पण रस बाहेर कसा येतो? बाकीची बहुतेक झाडं भोक पाडल्यावर अशी पाझरत नाहीत. मेपलच्या लाकडातल्या तंतुपेशींत पाण्याऐवजी हवा असते. रात्री पारा शून्याखाली गेला की ती हवा आकसते, तिच्याभोवती बर्फ धरतं आणि झाड मुळांकडून पाणी वर ओढून घेतं. सकाळी ऊन पडून पारा चार-पाच अंशांवर गेला की बर्फ वितळतं, दाबलेली हवा फुगते आणि रसाला रेटते. भोक दिसेल तिथून तो बाहेर पडतो. झाडाला रात्रीची थंडी लागते आणि दिवसाची ऊबही. दोन्ही एकाच दिवसात, रोज.

भोक आठ मिलिमीटर रुंद, चार-पाच सेंटिमीटर खोल, बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं. खोडाची जाडी निदान पंचवीस-तीस सेंटिमीटर झाल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही. तेवढं व्हायला त्याला चाळीसेक वर्षं लागतात. एका भोकातून अख्ख्या मोसमात साधारण चाळीस लिटर रस मिळतो. म्हणजे एक लिटर सिरप.

पण माझे तीनही शनिवार रानात कमी आणि भट्टीघरात जास्त गेले, ते तिथे रस आटवणाऱ्या बाईंमुळे. वयाने साठीच्या, बाकीचं वर्ष रोपवाटिकेत काम करतात, हे पाच-सहा आठवडे इथे. सकाळी आल्या की आधी साधं पाणी उकळून त्यात तापमापी बुडवतात. हवेचा दाब बदलला की पाण्याचा उत्कलनबिंदूही थोडा सरकतो, म्हणून रोजचा आकडा रोज बघायचा आणि त्यात चार अंश मिळवायचे. त्या तापमानाला सिरप झालं.

लाकडाच्या भट्टीवर लांबट, कप्पे पाडलेली कढई. एका टोकाला कच्चा रस येतो, आटत आटत कप्प्यांतून पुढे सरकतो आणि दुसऱ्या टोकाला तांबूस होऊन पोचतो. कढईत रस फक्त दोन-तीन बोटं. त्याहून कमी झाला तर क्षणात करपतो, कढईही जाते. रसावर तरंगणारा एक फ्लोट पातळी खाली गेली की वरच्या टाकीची तोटी उघडतो. बाईंचा डोळा सारखा त्या फ्लोटवर. शाळेच्या मुलांशी बोलतानाही त्यांचं तोंड मुलांकडे आणि नजर तिकडे.

फेस कढईच्या काठाशी आला की त्या सायीचा एक थेंब टाकतात. फेस बसतो. आमच्याकडे काहिलीत भेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणतात, ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. तापमापी असूनही शेवटचा निर्णय त्या पळीवर घेतात. पळी रसात बुडवून आडवी धरायची. कच्चा असेल तर पाण्यासारखे सुटे थेंब पडतात. झाला असेल तर थेंब काठावर एकमेकांत मिसळतात आणि पदरासारखे एकत्र ओघळतात. कोल्हापूरकडचे गुळव्ये पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळी वळून बघतात. दोन्हीकडे हिशेब शेवटी हातानेच संपतो.

मोठ्या व्यापारी बागांत आता बादल्या नाहीत. झाडाझाडांतून प्लास्टिकच्या नळ्या फिरतात, पंपाने रस ओढला जातो, गाळण यंत्रं बरंचसं पाणी आधीच काढून टाकतात. जगातलं बहुतेक सिरप क्वेबेकमध्ये असंच तयार होतं. इथे बादली आणि लाकूड ठेवलं आहे, कारण मुलांना प्रत्येक पायरी दिसली पाहिजे.

दुसऱ्या शनिवारी कढई थंड होती. चार रात्री पारा शून्याखाली गेलाच नव्हता. बादल्या रिकाम्या. बाईंनी खरी अडचण तेव्हा सांगितली. भोक पाडलं की त्यात जीवाणू वाढतात आणि झाडही जखम बंद करायला लागतं, म्हणून ते पाच-सहा आठवडेच चालतं. लवकर पाडलं तर खरा मोसम येईपर्यंत आटून जातं, उशीर केला तर पहिला, सगळ्यात गोड रस हातचा जातो. दुसरं भोक पाडणं म्हणजे झाडाला दुसरी जखम. पूर्वी मार्चची सुरुवात गृहीत धरत. आता फेब्रुवारीतच हवामानाचा अंदाज बघत बसावं लागतं.

२०१२ चा मार्च इथले लोक विसरत नाहीत. टोरांटोत पारा विसाच्या वर गेला, कळ्या फुगल्या आणि मोसम सुरू होता होता संपला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की या शतकाच्या अखेरीस मोसम महिनाभर आधी येईल आणि रसाला सर्वांत अनुकूल पट्टा सुमारे चारशे किलोमीटर उत्तरेकडे सरकेल. माणूस भट्टी उचलून उत्तरेला नेऊ शकतो. चाळीस वर्षांचं झाड नेता येत नाही.

दुसरं संकट याच शहराच्या वेशीवर येऊन गेलं. आशियातून लाकडी खोक्यांमधून आलेला लांब मिशांचा भुंगा २००३ साली वॉन आणि टोरांटोच्या सीमेवर सापडला. मेपल हे त्याचं आवडतं खाद्य. तो पसरू नये म्हणून हजारो झाडं तोडावी लागली. २०१३ साली तो संपल्याचं जाहीर झालं आणि त्याच वर्षी शेजारच्या मिसिसागात पुन्हा सापडला. तो गेल्याचं पुन्हा जाहीर व्हायला २०२० उजाडलं. खोडावर नाण्याएवढं गोल भोक दिसलं तर लगेच कळवा, असं बाई प्रत्येक मुलाला सांगतात. त्या हे भट्टीची माहिती देण्याआधी सांगतात.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी पेलाभर रस नाकाशी धरला आणि हलकेच मान हलवली. कळ्या फुटायला लागल्या की रसाला उग्र चव येते, रस कितीही आटवला तरी ती जात नाही. दुपारी भोकांत बसवलेल्या तोट्या उपटल्या. भोकं बुजवत नाहीत. झाड ती दोन-तीन वर्षांत स्वतः मिटवतं. पुढच्या वर्षीचं भोक जुन्यापासून दूर घ्यायचं, तिथल्या मेलेल्या लाकडातून रस येत नाही.

टोरांटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागात आपली कितीतरी कुटुंबं राहतात. घरी सिरपची बाटली असते, झाड बघितलेलं नसतं. पुढच्या मार्चमध्ये, रात्री गोठलेलं आणि सकाळी ऊन पडलेलं बघून, मुलांना घेऊन जा. आधी त्यांना बादलीतला रस चाखायला द्या, सिरप नंतर.