चिनी प्रेममालिका : सुरुवात कुठून?

नवखे असाल तर २०२३ची ‘हिडन लव्ह’ लावा. भाग २५, गोष्ट आजची. शाळकरी सांग झी भावाच्या खोलीत बसलेल्या त्याच्या मित्राला पाहते आणि भावानेच प्लास्टिक सर्जरी केली की काय, असं तिला वाटतं! पुढे त्या मित्रावरच तिचा जीव जडतो. सांग झीच्या भूमिकेत झाओ लूसी लाजवाब.

देवलोक, जन्मोजन्मीची ताटातूट हवी? मग २०१७ची ‘इटर्नल लव्ह’. भाग मात्र ५८. (असल्या पाल्हाळाला आळा म्हणून चीनच्या प्रसारण नियामकाने २०२०मध्ये ४० भागांची मर्यादा सुचवली.) दोन्ही कथा मूळच्या जिनजियांग या संकेतस्थळावरच्या कादंबऱ्या.

ओठ-आवाज जुळत नसतील तर टीव्हीला दोष नको. संवाद पुष्कळदा डबिंग कलाकारांचे असतात, अगदी नायिकेचेसुद्धा.