प्रसूतिकक्षातील ‘मावशी’ : भोकर परिसराच्या संदर्भात

शासकीय रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात जिला सर्वजण ‘मावशी’ म्हणून हाक मारतात, तिचे पदनाम कागदोपत्री आया, कक्षसेविका अथवा परिचर असे काहीही असो, तिच्या कामाच्या स्वरूपाचा विचार क्वचितच होतो. फरशी पुसणे, चादरी बदलणे, बाळंतिणीस हात धरून शौचालयापर्यंत नेणे, एवढेच ते काम अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन तासांत बाळंतिणीच्या सर्वांत निकट वावरणारी व्यक्ती बहुधा तीच असते. आणि अतिरक्तस्रावाचा धोका याच काळात सर्वाधिक असतो.

नांदेड जिल्ह्यातील भोकर हा तालुका तेलंगणाच्या सीमेपासून फार दूर नाही. या पट्ट्यात मराठीबरोबर तेलुगु, दखनी उर्दू आणि तांड्यांतून गोरमाटी बोलली जाते. एके काळी येथील बाळंतपणे घरीच होत व ती सुईण करीत असे. कळा सुरू झाल्यापासून नाळ कापणे, बाळ-बाळंतिणीस न्हाऊ घालणे, पाचवीला सटवाईच्या पूजेस हजर राहणे, हे सारे एकाच स्त्रीकडे होते. २००५ साली जननी सुरक्षा योजना सुरू झाली आणि रुग्णालयात बाळंत होण्याकडे असलेला कल वाढला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ६५ टक्के होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते सुमारे ९५ टक्क्यांवर गेले. सुईणीचे काम त्यामुळे विभागले गेले. गावातून गर्भवतीस घेऊन येणे आशा कार्यकर्तीकडे आले, प्रसूती करणे डॉक्टर व परिचारिका यांच्याकडे गेले, आणि धीर देणे, पाठ चोळणे, अंगाखालचे कापड बदलणे हा जो उरलेला भाग, तो मावशीच्या वाट्यास आला. परिचारिकेला ‘सिस्टर’ आणि आयेला ‘मावशी’ म्हणणाऱ्या रुग्णालयात डॉक्टरला मात्र नात्याचे नाव लाभलेले नाही, हे गमतीचे असले तरी निरर्थक नव्हे.

मूल जन्मल्यानंतर सामान्यतः अर्ध्या तासाच्या आत वार पडते. त्यानंतर गर्भाशय आकुंचन पावून घट्ट गोळ्यासारखे झाले पाहिजे. कारण वार जेथून सुटलेली असते तेथील रक्तवाहिन्या या आकुंचनानेच दाबल्या जातात. ते सैल राहिले तर रक्त वाहतच राहते. पाचशे मिलिलिटरपेक्षा अधिक रक्तस्राव झाल्यास तो अतिरक्तस्राव समजतात. उपचार न मिळाल्यास अशी बाळंतीण दोन तासांच्या सुमारास दगावू शकते. भोकरहून नांदेड सुमारे पन्नास किलोमीटर आहे. वाहन मिळणे, बाळंतिणीस त्यात चढविणे आणि प्रत्यक्ष प्रवास यांचा हिशेब मांडल्यास या दोन तासांतील फारच थोडा अवधी शिल्लक राहतो. म्हणूनच रक्तस्राव कोणी आणि किती लवकर ओळखला, या प्रश्नास येथे मोठ्या शहरापेक्षा अधिक महत्त्व येते.

प्रसूतीनंतर ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देणे, दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब व गर्भाशयाचा घट्टपणा पाहणे ही परिचारिकेची कामे होत. परंतु एकाच वेळी दोन-तीन बायका कळा देत असल्या म्हणजे परिचारिकेची धावपळ होते. कापड बदलणाऱ्या मावशीस मात्र रक्त प्रथम दिसते. पाच मिनिटांत एक घडी पूर्ण भिजली, तर ते नेहमीचे ‘जाणे’ नव्हे, हे तिला कळले पाहिजे. पुष्कळदा रक्त बाहेर न दिसता कमरेखाली चादरीच्या खोलगट भागात साचते. म्हणून कूस वळवून पाहावे लागते. मूत्राशय भरलेले असल्यास गर्भाशय नीट आवळत नाही. तेव्हा बाळंतिणीस लघवीस नेणे हे वरवर क्षुल्लक दिसणारे काम रक्तस्राव रोखण्याच्या उपायांपैकीच एक आहे. ओठ पांढरे पडणे, घाम सुटून हातपाय गार होणे, तहान लागल्याचे वारंवार सांगणे ही लक्षणेही जवळ बसणाराच आधी टिपतो. तेलुगु किंवा गोरमाटी बोलणारी बाळंतीण ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’ असे आपल्या भाषेत सांगते, तेव्हा ते समजणारी मावशी तेथे असणे हा केवळ सोयीचा भाग राहत नाही.

नवजात बालकाच्या बाबतीतही असेच आहे. ओले बाळ झपाट्याने गार पडते. म्हणून ते कोरडे पुसून ओले फडके लगेच दूर करणे, आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरूण घालणे, टोपडे चढविणे आणि तासाभरात अंगावर पाजण्यास साहाय्य करणे आवश्यक ठरते. पहिल्याच दिवशी न्हाऊ घालण्याचा आग्रह धरणाऱ्या आजीची समजूतही बहुधा मावशीच घालते.

तिच्या अधिकाराची मर्यादाही तितकीच स्पष्ट असावयास हवी. मूल लवकर बाहेर यावे म्हणून पोटावर जोराने दाब देणे, आतून तपासणे, इंजेक्शन टोचणे ही तिची कामे नव्हेत. पहिल्या प्रकारात तर गर्भाशय फाटण्याचाही संभव असतो. गर्दीच्या वेळी तिला यांतील काही करावयास सांगितले गेले, तर नकार देणे पदाने सर्वांत खालच्या व्यक्तीस सोपे नसते.

अलीकडे ही कामे पुष्कळ ठिकाणी कंत्राटी पद्धतीने करून घेतली जातात आणि माणसे वरचेवर बदलतात. भिजलेल्या घडीवरून धोका ओळखणारी नजर कामाच्या सवयीने तयार होते. प्रसूतीच्या कागदांवर सह्या डॉक्टरच्या व परिचारिकेच्या असतात. ‘बाई, हिचे जरा जास्तच जाते आहे’ हे मावशीचे तोंडी सांगणे त्या कागदांवर बहुधा उमटत नाही.