चाबुकस्वाराचा हात

घोड्याला चालीस लावणाऱ्या माणसाला मराठीत ‘चाबुकस्वार’ हा जुना शब्द आहे, आणि या व्यवसायाची परंपरेने चालत आलेली सारी समजूत त्या एका शब्दात साठलेली आहे. पागेत खरारा करणारा, दाणावैरण पाहणारा तो मोतद्दार आणि खुरांना नाल ठोकणारा तो नालबंद. या दोघांची नावे त्यांच्या कामावरून पडली, शिकवणाऱ्याची ओळख मात्र त्याच्या हातातल्या चाबकावरून ठरली. पाठीवर कधी खोगीर न पडलेल्या शिंगराला स्वाराच्या कह्यात आणण्याच्या क्रियेला ‘घोडा फेरणे’ म्हणतात, आणि ते काम म्हणजे जनावराची रग जिरवणे होय असे मानणारी मंडळी सैन्यात, शर्यतींच्या तबेल्यांत आणि टांगेवाल्यांच्या अड्ड्यांवर सारखीच आढळत. गेल्या काही दशकांत जगभर या समजुतीला आव्हान मिळाले आहे. पण सौम्य पद्धती म्हणजे घोड्याचे लाड, असा जो अर्थ पुष्कळदा घेतला जातो तो चुकीचा आहे. या बदलात घोड्याहून अधिक शिकावे लागते ते माणसालाच, आणि शिकण्याचा तो धडा मुख्यतः आपला हात नेमका केव्हा सैल सोडावा एवढाच आहे.

हे समजण्यासाठी घोड्याची जडणघडण आधी पाहावी लागते. घोडा हा शिकार होणारा प्राणी असून पळून जाणे हेच त्याचे मुख्य संरक्षण आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे सुमारे ३५० अंशांचा परिसर त्याच्या नजरेत येतो, परंतु अगदी कपाळासमोरचा आणि नेमका शेपटीमागचा असे दोन चिंचोळे पट्टे त्याला दिसत नाहीत, आणि म्हणूनच मागून आलेल्या माणसाला तो आधी लाथ मारतो व मग वळून पाहतो. अंगावर माशी बसली तर तेवढ्याच जागेची कातडी थरथरवून ती उडवणाऱ्या या जनावराला स्वाराच्या पोटरीचा हलका दाब समजत नाही असे म्हणणे हास्यास्पद आहे. त्याची निरीक्षणशक्ती किती सूक्ष्म असते याचा प्रसिद्ध दाखला बर्लिनमधील ‘हुशार हान्स’ या घोड्याचा आहे. हा घोडा खूर आपटून गणिते सोडवतो अशी ख्याती होती; १९०७ मध्ये ओस्कार फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की हान्सला गणित मुळीच येत नव्हते, उत्तराचा आकडा जवळ आला की प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची जी नकळत, अगदी किंचित हालचाल होई ती ओळखून तो खूर थांबवत असे. हान्सचे कौतुक त्यानंतर ओसरले. वास्तविक ते वाढायला हवे होते, कारण माणसाला स्वतःलाही न जाणवणारी खूण वाचणारा विद्यार्थी कोणत्या शिक्षकाला मिळतो?

अशा जनावराला शिकवण्याची प्रक्रिया जवळून पाहिली तर ती अशी घडते. शिंगराच्या तोंडाला दोरीची मोरकी घातलेली असते आणि त्याला माणसामागून चालायला शिकवायचे असते. माणूस दोरी पुढे ओढतो, शिंगरू मान ताठ करून चारही पाय रोवते. सामान्यतः येथे माणूस अधिक जोराने ओढतो, किंवा मागून दुसरा माणूस फटका मारतो. जाणता शिक्षक दोरीवरचा ताण वाढवत नाही आणि सोडतही नाही, तो फक्त वाट पाहतो. काही वेळाने शिंगरू एका पुढच्या पायावरचा भार हलवते, खूर जमिनीपासून बोटभर उचलते, आणि त्याच क्षणी दोरी पूर्ण सैल पडते. शिंगराला कळते ते एवढेच की पाय उचलला आणि दाब गेला. पुढच्या खेपेला ते लवकर पाय उचलते, आणि पुरेशा आवृत्त्यांनंतर दोरी ओढावीच लागत नाही, माणसाने पाऊल टाकले की शिंगरूही टाकते. वर्तनशास्त्रात याला ‘ऋण प्रबलन’ म्हणतात. प्रबलन म्हणजे एखादे वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता वाढवणारी गोष्ट, आणि येथे ‘ऋण’ याचा अर्थ वाईट असा नसून वजा करणे असा आहे, कारण नकोशी वाटणारी गोष्ट काढून घेतली जाते. उलट हरभरे, गूळ किंवा गाजर देऊन शिकवणे हे ‘धन प्रबलन’ होय, कारण त्यात हवीशी गोष्ट भर म्हणून मिळते.

या शास्त्राचा अप्रिय निष्कर्ष असा की हात सोडायला क्षणभर उशीर झाला तरी घोडा भलतेच काही शिकतो. मान झटकल्यावर लगाम सुटला तर तो मान झटकायला शिकतो, आणि लगाम कधीच सुटला नाही तर काही केले तरी फरक पडत नाही हेच शिकतो. घोड्याच्या पुढच्या दातांच्या व दाढांच्या मध्ये हिरडीची एक रिकामी जागा असते. लगामाची लोखंडी कडी तेथे बसते आणि तिच्याखाली पातळ कातडीने झाकलेले हाड असते. सतत ओढत राहणारा मवाळ स्वभावाचा स्वार त्या हाडावर तासभर जे करतो ते चाबकाच्या दोन फटक्यांहून सौम्य असते, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. ‘तोंडाचा कठीण’ म्हणून ज्या घोड्याची तक्रार होते त्याचे तोंड जन्मतः तसे नसते, कोणाच्या तरी हाताने ते तसे केलेले असते.

ही जाण सर्वस्वी नवी नाही. ग्रीक सेनानी झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहिलेल्या अश्वारोहणावरील ग्रंथात रागाच्या भरात घोड्याला हाताळू नये असे बजावले आहे. भारतात अश्वविद्येची परंपरा शालिहोत्राच्या नावाने ओळखली जाते. शुक्रनीतीसारख्या जुन्या ग्रंथांत कोणत्या दोषासाठी चाबूक शरीराच्या कोणत्या भागावर मारावा याचे नियम आहेत, आणि त्याचबरोबर अवेळी किंवा भलत्या जागी मारल्यास घोड्यात कायमचे दोष उत्पन्न होतात असा इशाराही आहे. मारणे त्या ग्रंथकारांना वर्ज्य नव्हते, पण वेळ चुकणे हा शिकवणाऱ्याचा अपराध आहे हे त्यांना नीट ठाऊक होते.

आधुनिक काळात या विषयाला नाट्यमय वळण दिले ते अमेरिकेतील जॉन रेरी याने, ज्याने १८५८ मध्ये इंग्लंडमध्ये क्रूझर नावाचा अत्यंत दांडगा घोडा वठणीवर आणून राणी व्हिक्टोरियासमोरही प्रयोग केले. विसाव्या शतकाच्या अखेरीस मॉन्टी रॉबर्ट्स यांच्या पुस्तकाने घोड्याशी ‘बोलणाऱ्या’ माणसाची प्रतिमा घरोघरी पोचवली. रॉबर्ट्स यांच्या पद्धतीत गोल रिंगणात घोड्याला आधी दूर पळवतात, आणि तो कान वळवून, मान खाली घालून, ओठ चाटू लागला की शिक्षक पाठ फिरवून शांत उभा राहतो व घोडा आपण होऊन त्याच्यामागे येतो. घोड्याने माणसाला कळपाचा नायक मानले, असा त्याचा अर्थ लावला जाई. २०१२ मध्ये सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी माणसाऐवजी दूरनियंत्रकावर चालणारी एक छोटी मोटार रिंगणात ठेवली. घोडा तिच्याकडे वळला की ती थांबे, दूर गेला की पाठलाग करी, आणि थोड्याच वेळात घोडे त्या मोटारीकडे वळू लागले. खेळण्याला कोणी नायक मानत नाही, तेव्हा येथेही काम करीत होता तो दाब सुटण्याचा साधा नियमच. या प्रयोगाने घोड्याशी ‘बोलण्याची’ मोहिनी थोडी उतरली हे खरे, पण जे दैवी देणगीचे मानले जात होते ते कोणत्याही कष्टाळू मोतद्दाराला शिकता येते हेही त्यातून सिद्ध झाले.

मुंबईच्या मध्यभागात घोड्याला कसे वागवावे हा प्रश्न दीडशे वर्षे वेगवेगळ्या रूपांत वावरला आहे. ९ मे १८७४ रोजी शहरात घोड्यांची ट्राम सुरू झाली, कंपनीच्या तबेल्यात त्या वेळी सुमारे ९०० घोडे होते, आणि १९०५ पर्यंत ही जनावरे रुळांवरून शहर ओढत राहिली. प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी मुंबईत संस्था स्थापन झाली तीही १८७४ मध्येच. पुढे सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावाने परळला बाई साकरबाई पेटिट जनावरांचे रुग्णालय उभारले, आणि १८८६ मध्ये त्याच परिसरात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले.  या व्यवस्थेचा भर साहजिकच जखमी जनावर बरे करण्यावर व दोषी माणसाला दंड करण्यावर राहिला. जखम ज्या हाताने होते त्या हाताला शिक्षण देण्याचे काम कोणाच्याच वाट्याला आले नाही.

कायद्याचा मार्गही निषेधाचाच आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ मध्ये केलेल्या ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांच्या नियमांनी काटे, गाठी किंवा टोके असलेली कडी वापरण्यास स्पष्ट मनाई केली. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केवळ मौजेखातर चालणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवून त्या वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला, आणि २०२१ मध्ये तशाच रूपाच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या. डांबरावर दिवसभर उभी राहणारी, दाटीच्या बेकायदा तबेल्यांत राहणारी ती जनावरे पाहता हा निर्णय योग्यच होता. तरीही एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे: शहराने आपल्या वागणुकीचा प्रश्न घोडा नजरेआड करून सोडवला, आणि माणसे शिकवण्यापेक्षा घोडे हटवणे सोपे असते हे त्यात दिसले.

घोडे मात्र पूर्णपणे हटले नाहीत. १९३२ मध्ये बंद झालेले मुंबई पोलिसांचे अश्वदल तब्बल ८८ वर्षांनी पुन्हा उभे राहिले आणि २६ जानेवारी २०२० रोजी दादरच्या शिवाजी पार्कवरील संचलनात उतरले. गर्दी आवरणाऱ्या घोड्याला गोंगाटाची भीती वाटता कामा नये, आणि येथे शिकवण्याच्या दोन वाटा फुटतात. पहिली वाट सवयीची: आवाज आधी दुरून व हळू ऐकवायचा, घोडा निवांत असेपर्यंतच ऐकवायचा, आणि दिवसेंदिवस थोडाथोडा जवळ आणायचा. दुसरी वाट भडिमाराची: घोड्याला बांधून ताशांच्या कडकडाटात उभे करायचे आणि तो धडपडायचा थांबेपर्यंत सोडायचे नाही. दुसरी वाट कमी वेळात संपते, म्हणून ती लोकप्रिय आहे. परंतु तिने घडलेला घोडा शांत झालेला असतोच असे नाही. सुटका नाही हे कळल्यावर प्रयत्नच सोडून देण्याची ही अवस्था असू शकते, जिला मानसशास्त्रात ‘शिकलेली असहायता’ म्हणतात. अर्धवट मिटलेले निर्विकार डोळे, ताणलेल्या नाकपुड्या, हाकेला न हलणारे कान, या खुणांना आपल्याकडे ‘गरीब घोडा’ असे प्रशस्तिपत्र मिळते.

पहिल्या वाटेचे एक उदाहरण मराठी मनाला चांगले परिचित आहे. आषाढी एकादशीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात, म्हणजे मुंबईच्या प्रतिपंढरपुरात, दर्शनाच्या रांगा लागतात, त्याआधी काही दिवस माउलींच्या पालखीच्या वाटेवर रिंगणे झालेली असतात. त्यांत धावणाऱ्या दोन मानाच्या अश्वांपैकी माउलींच्या अश्वावर स्वार नसतो. हजारो टाळमृदंगांच्या मधून तो मोकळा दौडतो. हे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात, पायी चालत आळंदी गाठतात आणि मग पालखीबरोबर सदाशिवनगरच्या पहिल्या गोल रिंगणापर्यंत अनेक मुक्काम करतात, म्हणजे गजर त्यांच्या कानांत टप्प्याटप्प्याने मुरत जातो. ही व्यवस्था परंपरेने लागलेली आहे, प्रशिक्षणाच्या हेतूने कोणी आखलेली नाही, तरी तिच्या रचनेत सवयीचे शास्त्र आहे.

शर्यतींच्या जगात वाद चाबकावरच केंद्रित आहे. नॉर्वेने १९८२ मध्येच शर्यतीत जोर काढण्यासाठी चाबूक मारण्यावर बंदी घातली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पुन्हा सिडनी विद्यापीठातल्याच, मोजक्या शर्यतींच्या अभ्यासात शेवटच्या टप्प्यातील फटक्यांमुळे वेग वाढल्याचे दिसले नाही. महालक्ष्मीच्या मैदानावर १८८३ पासून पैजा लावणाऱ्या शहराला हा निष्कर्ष पटकन पचणार नाही. ज्याने पैसे लावले आहेत त्याला शेवटच्या फर्लांगात स्वार काहीतरी करताना दिसावा लागतो.

बदल रेंगाळतो त्याचे कारण क्रूरपणाहून अधिक वेळेच्या हिशेबात आहे. लग्नसराईत भाड्याने जाणाऱ्या घोड्याचे चार महिने सवयीत घालवण्याइतकी ऐपत घोडेवाल्याकडे नसते, आणि पागेत ज्याचा हात घोड्यावर सर्वांत जास्त फिरतो त्या मोतद्दाराला शिकवण्यात शब्द नसतो. वास्तविक खोगिराच्या पुढे, मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर खाजवल्यास घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात असे प्रयोगांत आढळले आहे. घोडे एकमेकांना तेथेच दातांनी खाजवतात. रोज सकाळी खरारा करणारा माणूस हे बक्षीस वर्षानुवर्षे देत आला आहे, फक्त ते कशाबद्दल आहे हे घोड्याला कळेल अशा वेळी ते दिले जात नाही.

दादर–वडाळ्याच्या गल्ल्यांतून वरात निघते तेव्हा झूल, कलगी आणि मण्यांच्या माळांनी घोडा नखशिखांत झाकलेला असतो. बँडच्या प्रत्येक थांब्याला घोडेवाल्याच्या मुठीतली दोरी ताणलेली आहे की सैल, हे पदपथावरूनही दिसते. कडीला काटे आहेत की नाहीत, हे मात्र तोंड उघडून पाहिल्याशिवाय दिसत नाही, आणि वरातीत घोड्याचे तोंड उघडून पाहण्याची रीत नाही.