विश्लेषण : पोळी-दूध, बिस्किटे आणि ताटातला घास… घरच्या कुत्र्या-मांजरांना नेमके काय मानवते?

सकाळच्या चहाबरोबर दोन बिस्किटे, दुपारी पोळी-दूध आणि रात्री सगळे जेवायला बसले की कुणीतरी हळूच पुढे केलेला रश्श्यात कालवलेला भात. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत कुत्र्या-मांजरांचे दिवसभराचे खाणे असेच ठरते. त्यात हयगय नसते, उलट लाडच असतो. ‘आमच्यासारखेच सगळे खातो’ असे कौतुकाने सांगितलेही जाते. मात्र माणसाला सहज पचणारे काही पदार्थ कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. निव्वळ दूध-पोळीवर वाढणाऱ्या मांजराची दृष्टी हळूहळू जाऊ शकते. घरातली तापावरची साधी गोळी तर मांजराच्या जिवावरही बेतू शकते. यातले बहुतेक धोके अज्ञानातून येतात आणि म्हणूनच ते टाळता येण्यासारखे आहेत.

कुत्र्याला पोळी-भात चालतो का?

चालतो, पण पुरत नाही. कुत्रा लांडग्याचा वंशज असला तरी त्याचे पोट आता लांडग्याचे राहिलेले नाही. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात, तर कुत्र्यांत ४ ते ३० प्रती आढळल्या. माणसाच्या वस्तीजवळ राहून, त्याने टाकलेले धान्याचे अन्न खात हजारो वर्षांत हा बदल घडला. त्यामुळे शिजवलेला भात, पोळी किंवा भाकरी कुत्र्याला पचते.

अडचण वेगळीच आहे. पोळीतून ऊर्जा मिळते, पण पुरेशी प्रथिने, कॅल्शियम आणि आवश्यक स्निग्धाम्ले मिळत नाहीत. निव्वळ दूध-पोळी किंवा वरण-भातावर असलेला कुत्रा पोट भरलेला दिसतो, पण त्याचे स्नायू भरत नाहीत आणि केस निस्तेज होतात. वाढत्या पिल्लांमध्ये हे अधिक गंभीर ठरते. नुसत्या मटण-चिकनवर वाढवलेल्या पिल्लालाही कॅल्शियम कमी पडते. मग शरीर हाडांतले कॅल्शियम काढून घेते आणि हाडे ठिसूळ होऊन वाकतात. म्हणजे ‘भरपूर मांस देतो, आता काय कमी?’ हा समजही तितकाच फसवा आहे.

दूध देऊ नये का?

आईच्या दुधावरची पिल्ले ते पचवतात. मात्र दूध तुटल्यानंतर बहुतेक कुत्र्या-मांजरांच्या आतड्यांत दुधातली साखर पचवणारे विकर कमी होत जाते. काहींना थोडे दूध चालते, अनेकांना मात्र जुलाब, गॅस किंवा उलट्या होतात. मांजर बशीतले दूध आवडीने चाटते याचा अर्थ ते तिला मानवतेच असे नाही. सोसायटीतल्या मांजरांसाठी जिन्याखाली दुधाची वाटी ठेवणाऱ्यांनी तिथे स्वच्छ पाणी आणि थोडे मांजराचे खाद्य ठेवले, तर ते अधिक उपयोगाचे ठरते.

ज्यांना दूध पचत नाही, अशा अनेक कुत्र्यांना थोडे ताजे, बिनसाखरेचे दही पचते, कारण विरजणामुळे दुधातली साखर कमी झालेली असते. पण तेही तोंडी लावण्यापुरतेच द्यावे.

मांजर शाकाहारी का होऊ शकत नाही?

हा चवीचा किंवा संस्काराचा प्रश्न नाही, शरीराच्या घडणीचा आहे. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे द्रव्य तिला आहारातूनच मिळावे लागते, कारण तिचे शरीर ते पुरेसे तयार करू शकत नाही. टॉरिन मांस, मासे आणि प्राण्यांच्या अवयवांत असते. धान्य, कडधान्ये आणि भाज्यांत ते जवळपास नसतेच. टॉरिन कमी पडले की डोळ्यांचा दृष्टिपटल झिजतो आणि अंधत्व येऊ शकते. हृदयाचे स्नायूही सैल पडून हृदय फुगते. टॉरिनची कमतरता आणि हा हृदयविकार यांचा संबंध १९८७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिला. त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यातले टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले.

गाजरातल्या रंगद्रव्यापासून माणूस किंवा कुत्रा अ जीवनसत्त्व बनवू शकतो, मांजराला तेही जमत नाही. तिला गोड चव कळत नाही, कारण त्या चवीचे जनुकच तिच्यात निकामी झालेले आहे. पेढ्याचा तुकडा ती चाटते ती त्यातल्या दूध-तुपासाठी.

शाकाहारी घरांत यावरून खरोखरच पेच निर्माण होतो. कुत्र्याला नीट आखलेल्या शाकाहारी आहारावर ठेवणे पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली शक्य आहे. मांजराला घरच्या शाकाहारी जेवणावर वाढवणे म्हणजे मात्र तिला उपासमारीवर ठेवणे आहे, फक्त ती उपासमार दिसत नाही. घरात मांस शिजवायचे नसेल तर मांजरांसाठीचे ‘संपूर्ण आहार’ असा उल्लेख असलेले तयार खाद्य हा मधला मार्ग आहे. तोही मान्य नसेल, तर मांजर न पाळणे हाच प्रामाणिक निर्णय ठरतो.

स्वयंपाकघरातले कोणते पदार्थ घातक?

कांदा आणि लसूण : भाजी, आमटी, रस्सा यांतले बहुतेक पदार्थ यांच्याशिवाय होत नाहीत, म्हणूनच हा धोका सर्वात जवळचा. कांद्यातली गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवल्याने किंवा वाळवून पूड केल्याने ती नाहीशी होत नाहीत. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा त्रासदायक ठरू शकतो. मांजराला किलोमागे ५ ग्रॅमही पुरतो. म्हणजे ४ किलोच्या मांजरासाठी २० ग्रॅम, जेमतेम दोन-तीन चमचे चिरलेला कांदा. लसूण तितक्याच वजनाच्या कांद्याहूनही तीव्र असतो. लक्षणे लगेच दिसत नाहीत. काही दिवसांनी थकवा, फिकट हिरड्या, गडद रंगाची लघवी असे दिसू लागते आणि तोवर तो रश्शाचा घास कुणाच्या लक्षातही नसतो.

द्राक्षे, बेदाणे, मनुके : नाशिकची द्राक्षे आणि सांगलीचे बेदाणे घरोघरी असतात. शिऱ्यात, लाडवांत बेदाणे हमखास पडतात. कुत्र्यांत यामुळे मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकते. एखादा कुत्रा मूठभर खाऊनही ठणठणीत राहतो, तर दुसरा थोड्याशाने गंभीर आजारी पडतो. त्यामुळे सुरक्षित प्रमाण सांगता येत नाही. यामागे टार्टारिक आम्ल असावे, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात मांडण्यात आले. त्यात चिंच खाऊन मूत्रपिंडाला इजा झालेल्या कुत्र्यांच्याही नोंदी होत्या, कारण तेच आम्ल चिंचेत भरपूर असते. चिंच-गुळाची आमटी किंवा पाणीपुरीची चटणी कुत्र्यापासून दूर ठेवण्यास हे पुरेसे कारण आहे.

चॉकलेट : त्यातले थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. उलट्या, अस्वस्थपणा, हृदयाची धडधड आणि झटके येऊ शकतात. चॉकलेट जितके गडद आणि कडू, तितके घातक.

झायलिटॉल : ‘शुगर फ्री’ च्युइंगगम आणि काही मिठायांत वापरला जाणारा हा गोडवा कुत्र्याच्या रक्तातली साखर तासाभरातही धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकतो.

शिजवलेली हाडे : कोंबडीचे शिजलेले हाड चावले की त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात. त्या घशात अडकतात किंवा आतडे फाडतात.

माणसांची औषधे दिली तर?

प्राण्याला ताप आला, तो लंगडू लागला की घरातल्या औषधांच्या डब्याकडे हात जातो. ही सर्वात महागात पडणारी चूक आहे. पॅरासिटामॉलचा निचरा करणारी यकृतातली यंत्रणा मांजरांत अतिशय दुबळी असते. औषधाचे विषारी घटक साचतात, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते, हिरड्या तपकिरी-निळसर होतात, चेहरा आणि पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही मांजरासाठी जीवघेणी ठरू शकते. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी कुत्र्यांच्या जठरात जखमा होतात आणि मूत्रपिंडाला इजा पोहोचते.

दुसरी चूक घरात दोन्ही प्राणी असताना होते. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते चालते, पण मांजराला त्यामुळे थरथर आणि झटके येतात. ‘थोडेसे तिलाही लावू’ असे म्हणून चालत नाही.

किती खायला द्यावे?

नसबंदी झालेल्या, १० किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात. एका मध्यम पोळीत सुमारे १०० आणि एका ग्लुकोज बिस्किटात २० ते २५ कॅलरी असतात. म्हणजे नेहमीच्या जेवणाखेरीज दोन पोळ्या आणि चार बिस्किटे दिली, तर दिवसाच्या गरजेच्या निम्म्या कॅलरी वरच्यावर गेल्या. वरखाणे दिवसाच्या गरजेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असा सर्वसाधारण नियम आहे. या कुत्र्यासाठी त्याचा अर्थ अर्धी पोळी किंवा दोन-तीन बिस्किटे, दोन्ही नव्हे.

याचा परिणाम थेट आयुष्यावर होतो. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर १४ वर्षे अभ्यास झाला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावून त्यातल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न देण्यात आले. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी खाणाऱ्या गटाचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे होते. कमी खाणाऱ्यांना सांधेदुखीचे उपचारही उशिरा लागले.

वजन तपासण्याची एक सोपी खूण आहे. हात पालथा धरून मागच्या बाजूच्या हाडांवरून बोट फिरवावे. प्राण्याच्या बरगड्या तशा लागल्या तर वजन योग्य. मुठीच्या उंचवट्यांसारख्या लागल्या तर तो बारीक आहे. तळव्यासारखे मऊ लागले तर लठ्ठ.

घरात अडचण बहुधा एकाच माणसाची नसते. आजी बिस्किट देते, मुले चीज देतात, बाबा जेवताना घास देतात आणि प्रत्येकाला वाटते, आपण थोडेच दिले. यावर सोपा उपाय म्हणजे दिवसभराचे खाद्य सकाळीच मोजून एका डब्यात काढावे. ज्याला लाड करायचे असतील त्याने त्याच डब्यातून द्यावे. डबा रिकामा झाला की दिवस संपला.

घरचे चांगले की विकतचे?

दोन्ही चालते, अट संतुलनाची आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक पोषणद्रव्य कमी होते. म्हणून घरी शिजवायचे असेल तर मीठ-मसाला, कांदा-लसणाशिवाय शिजवलेले बिनहाडाचे मांस किंवा अंडी, भात, भोपळा किंवा गाजर, आणि जोडीला पशुवैद्यकांनी ठरवून दिलेले कॅल्शियम व जीवनसत्त्वे अशी मांडणी लागते. तयार खाद्य घेताना प्राण्याचे वय आणि ‘संपूर्ण व संतुलित आहार’ हा उल्लेख पाहावा. कोणताही बदल ७ ते १० दिवसांत, जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत करावा.

डॉक्टरांकडे कधी न्यावे?

विषारी पदार्थ पोटात गेल्याची शंका असेल तर लक्षणांची वाट पाहू नये. काय, किती आणि केव्हा खाल्ले हे लिहून घ्यावे, वेष्टन सोबत न्यावे. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, जास्तीचे मीठ स्वतःच घातक ठरते.

मांजराबाबत दोन गोष्टी तातडीच्या आहेत. ‘भूक लागली की खाईल’ हा नियम तिला लागू होत नाही. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचून ते निकामी होऊ शकते. तसेच बोका वारंवार लघवीला बसतो पण होत नाही असे दिसले, तर मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो. तेव्हा सकाळपर्यंत थांबणेही धोक्याचे ठरते.

खासगी दवाखाना जवळ नसेल किंवा परवडत नसेल, तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांचा पर्याय आहे. परळचे महाविद्यालय १८८६ पासूनचे आहे. नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर येथेही अशी महाविद्यालये आहेत. सर्वात जवळच्या दवाखान्याचा क्रमांक आणि रात्री उपचार कुठे मिळतात ही माहिती फ्रिजच्या दारावर आजच चिकटवून ठेवावी. कांदा, द्राक्षे, चिंच, चॉकलेट आणि माणसांच्या गोळ्या ही यादीही त्याच कागदावर लिहावी, म्हणजे घरी आलेल्या पाहुण्यांनाही ती वाचता येईल.