बाळाचं नाव काय ठेवलंत?

"ताई, आत्याचा मान तुझा. आता छानसं नाव शोध बघू!"

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली आणि दवाखान्यातूनच त्याचा फोन आला. आनंदाच्या भरात मी 'हो' म्हणून बसले. पण मैत्रिणींनो, खरं सांगते, घर बांधताना झाला नव्हता एवढा घोळ या दोन-तीन अक्षरांनी घातला!

भावाने मोबाइलवरून बत्तीस नावांची यादी काढली होती. त्यातली निम्मी माझ्या जिभेवर बसेनात. उरलेल्यांचा अर्थ विचारला, तर प्रत्येकाचा अर्थ 'देवी' नाहीतर 'तेज'. भावजयीच्या मनात 'आराध्या' होतं. गोड नाव आहे, पण बचत गटाच्या कामानिमित्त मी अंगणवाडीत जाते, तिथे 'आराध्या' अशी हाक मारली की तीन पोरी उठून उभ्या राहतात. मग एक मोठी आराध्या, एक छोटी आणि एक नळाजवळची! आमच्या वेळी तरी काय वेगळं होतं? माझ्या वर्गात चार मनीषा होत्या. चौघींना आडनावानेच हाक मारायचे, नाव असून नसल्यासारखं.

म्हणजे नाव फार चालतंय ते नको आणि कुणी ऐकलेलंच नाही असंही नको. शिक्षिकेने तीनदा विचारावं आणि दाखल्यावर चौथंच लिहावं, याला काय अर्थ? ओळखीचं असावं, पण सध्या गर्दीत नसावं. अशी नावं शोधायला लांब जायला नको. आपल्या कोकणातली फुलंच घ्या. सुरंगी, बकुळ, अबोली, शेवंती. नद्या घ्या. गोदा, कृष्णा, चिपळूणची वाशिष्ठी. संतांच्या घरात डोकावा. मुक्ता, जना, चोखोबांची सोयरा. ही नावं सगळ्यांना कळतात, पण हजेरीत क्वचित सापडतात.

यादी करता करता मला एकदम आठवलं. माझा मामा आईला 'वेणू' म्हणायचा.

आईचं कागदोपत्री नाव शुभांगी. सासरी मोठ्या नणंदेचं नाव वेणूच होतं. एका घरात दोन वेणू कशा चालतील? म्हणून लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि संगमेश्वराकडची वेणू रत्नागिरीत येऊन शुभांगी झाली. मामा होता तोवर माहेरी तरी ते नाव ऐकू यायचं. तो गेला आणि त्या नावाने तिला हाक मारणारं कुणी उरलं नाही. एवढी वर्षं हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आईसारख्या किती जणी! थोरामोठ्यांच्या घरीही हेच. पहिल्या महिला डॉक्टर म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका, म्हणजे मनू. आणि आपल्या देवरुखची गोदू जोशी १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदी झाली, पुढे सगळ्यांची बाया कर्वे. या सगळ्या जणी मोठ्या झाल्या त्या सासरच्या नावाने. माहेरचं नाव चरित्राच्या पहिल्या पानावरच राहिलं.

ही नुसती भावनेची गोष्ट नाही. गटातल्या बायकांची कागदपत्रं भरताना मी रोज बघते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरं. माहेरच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावायची वेळ आली, की 'ही ती तूच कशावरून?' मग प्रतिज्ञापत्र करा, साक्षीदार आणा, चार खेपा घाला. आपल्याच नावासाठी आपणच पुरावा द्यायचा!

आणि नावाने मनावर काय होतं, ते साताऱ्याने दाखवलंय. मुलगाच हवा होता म्हणून मुलीचं नाव 'नकुशी' ठेवलेली घरं तिथे होती. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं देण्यात आली. 'नको असलेली' अशी हाक ऐकत त्या पोरी तोवर शाळेत जात होत्या.

तर मी आईला विचारलं, "वेणू ठेवू या?"

"जित्या माणसाचं नाव ठेवतात काय गो?" आई एकदम तडकली.

मीही पटकन बोलून गेले, "तुझं कुठे राहिलंय ते? तू तर शुभांगी!"

आई काही बोलली नाही. सांडग्यांचं ताट उचलून आत निघून गेली. मला रात्रभर चुटपुट लागली. आईला असं बोलायला नको होतं.

सकाळी चहा देताना तीच म्हणाली, "ठेवायचं तर ठेवा. पण तिच्या लग्नात कुणी बदलू नका, एवढं सांगून ठेव."

भावजयीला आधी ते जुनाट वाटलं. शिवाय तिच्या ऑफिसात केरळचे एक वेणू नावाचे साहेब आहेत, तिकडे ते पुरुषाचं नाव! पण वेणू म्हणजे कृष्णाची बासरी, समर्थांच्या शिष्या वेणास्वामींचीही आठवण, म्हणायला सोपं, लिहायला दोनच अक्षरं. मी तिला म्हटलं, "दोन दिवस याच नावाने हाक मारून बघ." दोन दिवसांनी तिने दुसरी नावं काढलीच नाहीत. बारशाला पाळण्याशी वाकून मी बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केलं आणि नाव सांगितलं.

नाव सुचत नसेल तर उगाच घाई करू नका. जन्माची नोंद मात्र २१ दिवसांत करायची. नाव नंतर घालता येतं, बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. इंग्रजी स्पेलिंग पहिल्यांदाच नक्की करा आणि सगळीकडे तेच ठेवा. नाव अंगणातून मोठ्याने हाक मारून बघा, चिडवायला काय यमक जुळतं तेही बघा, पोरं ते शोधतातच! १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आपल्या राज्यात आला आहे. म्हणजे आज ठेवलेलं नाव उद्या तिच्या लेकरांच्या नावापुढेही लागणार. मग ते मधेच का बदलायचं?

आमची वेणू आता रांगते. परवा भावाने ओटीवरून हाक मारली, "वेणूऽऽ!" ती पोर मांजराच्या मागे लागली होती, तिने ढुंकूनही पाहिलं नाही. स्वयंपाकघरातून आईच "ओ" म्हणाली. मग स्वतःशीच हसली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

तुमच्याही घरात आई, आजी, सासूबाई असतील. त्यांचं माहेरचं नाव काय होतं, एकदा विचारून तर बघा.