तगरच्या व्यापाराची ग्रीक नोंद

तेर, म्हणजे प्राचीन तगर, पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असून तेथील कापड गाड्यांनी भडोचला जाते, असे सांगणारा इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रंथ रोमन साम्राज्याच्या सागरी व्यापाराचा असूनही लॅटिनमध्ये नव्हे, तर ग्रीकमध्ये लिहिलेला आहे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. कारण रोममध्ये ग्रीक विद्येला आधी विरोधही झाला होता. इ. स. पू. १५५ मध्ये अथेन्सची वकिली घेऊन रोमला आलेल्या तीन तत्त्वज्ञांच्या व्याख्यानांनी रोमन तरुण भारले गेले, तेव्हा रोमन मुत्सद्दी केटोने त्यांची सत्वर रवानगी व्हावी असा आग्रह धरला. परंतु पुढे खुद्द सम्राट मार्कस ऑरेलियसने आपले आत्मचिंतन ग्रीकमध्येच लिहिले. तगर आणि रोमन जगाच्या या संबंधांची खूण आजही दिसते: तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे पाँपेईत सापडलेल्या भारतीय मूर्तीशी निकटचे साम्य आहे.